ताठ बसायचा अर्धा तास

माझ्या नणंदेचं नाव एतिदाल. अरबीत त्याचा अर्थ ताठपणा, सरळपणा. हे नाव ठेवणारे माझे सासरे मी पाहिले नाहीत, पण माणूस विनोदी असावा. चाळीस वर्षांत ही बाई माझ्याशी एकदाही सरळ बोललेली नाही, आणि आता तर पाठीतूनही वाकायला लागली आहे.

आमची गल्ली सुतारांची. इजिप्तमधल्या आमच्या दुम्यात गावात दर तिसरा माणूस सुतार आणि उरलेले दोघे चीज खारवणारे, त्यामुळे आमच्याकडे एक तर भुशाचा वास येतो नाही तर मिठवणीचा. आमच्या घरात तळाला कारखाना, पहिल्या मजल्यावर मी, दुसऱ्यावर एतिदाल. माझा नवरा नोमान हिचा धाकटा भाऊ; गल्ली त्याला ओस्ता, म्हणजे उस्ताद म्हणायची. खुर्च्या करायचा. सोनेरी पायांच्या, मखमली पाठीच्या, नवऱ्या मुलीच्या दिवाणखान्यात ठेवायच्या आणि पुढे वीस वर्षं कुणाला बसू द्यायच्या नाहीत अशा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. न विकल्या गेलेल्या बारा खुर्च्या अजून खाली प्लास्टिक गुंडाळून उभ्या आहेत.

गेल्या हिवाळ्यात एतिदाल जिन्यात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. घसरली माझ्यामुळे, असं तिचं म्हणणं. मी जिना धुतला होता. जिना धुवायची पाळी तिची होती आणि ती धूत नव्हती म्हणून मी धुतला होता, हे ती सांगत नाही. असो. डॉक्टरांनी मनगट बांधलं, मग हाडांची तपासणी करायला लावली आणि सांगितलं की हाज्जा (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे असंच म्हणतात), तुमची हाडं आतून पोखरली आहेत. आज मनगट मोडलं, उद्या खुब्याचं हाड मोडेल आणि मग अंथरूण. आठवड्यातून एक गोळी घ्यायची. चुकवायची नाही.

तिचा मुलगा हैसम कैरोबाहेरच्या नव्या वसाहतीत राहतो. तिथे लिफ्ट आहे, फाटकावर पहारेकरी आहेत, आणि गवत कापायला वेगळा माणूस आहे. गवत खायला मात्र एक शेळी नाही. हैसमने फोनवर सरळ सांगून टाकलं, "आई, आणखी एक हाड मोडलं किंवा औषध सोडलंस, तर मी विचारायला येणार नाही, न्यायला येईन."

हे ऐकून तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले. खरं तेच सांगते. मला मूलबाळ नाही, नोमान गेला, भावंडं गेली. सकाळी डोळे उघडले की वरच्या मजल्यावर एतिदालच्या चपला फटफट वाजतात आणि मला कळतं, आजही ती जिवंत आहे आणि आजही काहीतरी खोडी काढणार आहे. तिच्या भाजीला मी नावं ठेवायची, माझ्या भाताला तिने. ती कैरोला गेली तर मी भांडू कुणाशी? त्या बारा खुर्च्यांशी?

तर गोळी सुरू झाली. गोळीसाठी वार निवडला शुक्रवार. डॉक्टरांनी कोणताही चालेल म्हटलं होतं, पण एतिदालला शुक्रवारच हवा. "चांगल्या दिवशी घेतलेलं औषध चांगलं लागू पडतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "अब्ला, गोळीला काय कळतंय आज कोणता वार आहे?" मोठ्या बहिणीला आमच्याकडे अब्ला म्हणतात, आणि मी तिला अब्ला म्हणते तेव्हा तिला बरोबर कळतं की पुढे टोमणा येतोय.

पहिल्याच शुक्रवारी तिच्या छातीत जळजळ सुरू झाली. दुसऱ्या शुक्रवारी घासही घशाखाली उतरेना. तिसऱ्या शुक्रवारी ती खिडकीत उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं कण्हली, आणि गल्लीने ते ऐकलं. मग काय विचारता. आमच्या गल्लीत दुकानं सुतारकामाची असली तरी धंदा सगळ्यांचा डॉक्टरकीचा आहे. चीजवाल्याने सांगितलं, गोळी फेका, खारं चीज खा, आमच्या आजोबांची हाडं लोखंडी होती. (त्याचे आजोबा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले.) पॉलिश करणाऱ्या शेहातने अंड्याची टरफलं वाटून लिंबात भिजवून आणून दिली. ती प्यायल्यावर एतिदालची जळजळ दुप्पट झाली, तर तो म्हणाला, याचा अर्थ औषध काम करतंय.

आणि समोरची हाज्जा बहीगा. ही बाई स्वतःच्या गुडघ्यांचं रडगाणं पंधरा वर्षं गाते आहे, पण दुसऱ्याच्या दुखण्याचं निदान करायला एका पायावर तयार. तिने आल्याबरोबर सांगितलं की हा आजार नव्हेच, ही नजर आहे. मग कागदाची बाहुली कापली, टाचणी घेतली आणि एकेका संशयिताचं नाव घेत बाहुलीला भोकं पाडायला बसली. "ही अमुकच्या डोळ्यातून, ही तमुकच्या डोळ्यातून." मी तिथेच बसून लसूण सोलत होते. माझं नाव तिसऱ्या नंबरवर आलं.

"हाज्जा, मी समोर बसलेय," मी म्हटलं.

"बसलीस म्हणूनच आठवलीस," बहीगा म्हणाली, आणि आणखी एक टाचणी खुपसली.

बाहुली जाळली. जळजळ गेली नाही. एतिदाल माझ्याकडे आठवडाभर असं बघत होती की मीच गोळीत मिरची भरली आहे.

मला स्वतःला काही होत नाही, हे इथेच सांगून ठेवते. एतिदालपेक्षा सहा वर्षांनी लहान आहे आणि कधी जिन्यात घसरले नाही. माझी तक्रार आहे ती हल्लीच्या कापडाची. पहिल्या धुण्यात आटायचं सोडून कापड लांबतं. तीन वर्षांत माझ्या सगळ्या गलाबियांचा, म्हणजे पायघोळ झग्यांचा, खालचा काठ मला वर दुमडून शिवावा लागला, एकीचा तर दोनदा. आणि दुम्यातची हवा ओली, भिंती फुगतात. नोमानने माझ्या हाताच्या मापाने बसवलेलं स्वयंपाकघरातलं फळकूट हळूहळू वर सरकलंय. वरचे डबे काढायला आता मला स्टूल लागतं. नोमान असता तर एका दिवसात खाली घेतलं असतं.

असो, विषय एतिदालचा. आठव्या आठवड्यात ती खाली माझ्याकडे आली, दार न वाजवता, आणि गोळ्यांचं पाकीट माझ्या ओट्यावर आपटलं.

"संपलं. आता नाही घेणार."

"आणि हैसम?"

"त्याला कोण सांगतंय? तू सांगशील?"

"मी कशाला सांगू? पण तुझी हाडं सांगतील ना."

"माझी हाडं माझ्या बापाची आहेत. तुझ्यासारखी बाजारातून नाही आणली," असं म्हणून ती गेली. जाताना पाकीट मात्र परत घेऊन गेली. म्हणजे अजून भीती होती.

मी हैसमला काही कळवलं नाही, पण समोरच्या खिडकीत बहीगा होती ना. तिने हैसमला फोन लावून सगळं सांगितलं, वर चार अश्रूही गाळले. हैसमचा निरोप बुधवारी आला. येत्या शुक्रवारी सकाळी येतोय, इंजीला घेऊन, रिकाम्या सुटकेसा घेऊन. इंजी म्हणजे त्याची बायको. ती आमच्याकडे आली की खुर्चीवर बसण्याआधी रुमालाने पुसते.

त्या दुपारी मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. दुकान इरीनीचं आहे, तिला सगळे डॉक्टर इरीनी म्हणतात. पोरगी तिशीची, गळ्यात छोटा क्रूस, मला तांत म्हणजे मावशी म्हणते, बोलणं कमी, पण जे बोलते ते मुद्द्याचं. गल्लीत एवढी एकच बाई अशी आहे, म्हणून तिचं कुणी ऐकत नाही.

"गोळी कशी घेते ती?" इरीनीने विचारलं.

"तोंडाने."

"तांत इनायात, मी गंमत करत नाहीये. मी तिला समोर बसवून सांगितलं होतं. झोपेतून उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, मोठा ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास ताठ राहायचं. बसा, उभ्या राहा, चाला, पण आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. गोळी घशात रेंगाळली किंवा परत वर आली की आतून भाजते. ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, पोरी, मी जन्मापासून एतिदाल आहे, मला ताठ राहायला शिकवतेस?"

"म्हणाली असेल," मी म्हटलं. "मग ती ताठ राहत नाही?"

"म्हणते राहते. मी काय तिच्या घरात झोपायला जाऊ?"

ती नाही जाणार, पण मी जाऊ शकत होते. गुरुवारी संध्याकाळी उशी काखोटीला मारून मी वर गेले. माझ्या न्हाणीघराचा नळ गळतोय, टपटप आवाजाने झोप येत नाही, असं सांगितलं. एतिदाल म्हणाली, "नळ गळत नसेल, तुझं डोकं गळत असेल," आणि मला बाहेरच्या खोलीतली गादी दिली. तिने गोळी ठेवलेली मी पाहिली. बशीत, पलंगाशेजारी. हैसम यायचा म्हणून पुन्हा घेणार होती. स्वतःची छाती जाळून त्याला दाखवणार होती की बघ, मी शहाण्यासारखी औषध घेते, मला इथेच राहू दे.

पहाटे बांग झाली. दाराच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. एतिदाल उठली. हात-पाय धुतले. गोळी तोंडात टाकली आणि पाण्याचा एक घोट घेतला. एक घोट, चिमणीचा. का, तर जास्त प्यायलं की पुन्हा न्हाणीघर गाठावं लागतं. मग चटई पसरली आणि नमाजाला उभी राहिली. वाकली. मग गुडघ्यांवर बसली आणि कपाळ जमिनीला टेकवलं. पुन्हा टेकवलं. कंबर वर, डोकं खाली. पोटातली गोळी बिचारी काय करेल, ती उताराने परत घशात. नमाज झाला, जपमाळ झाली, आणि बाईसाहेब परत पांघरुणात शिरल्या. पाच मिनिटांत घोरायला लागल्या.

मी तोंडावर उशी दाबून हसले, आणि हसता हसता मला इतका राग आला की उठून बसले. उठल्याबरोबर, म्हणे. इरीनीने बरोबर सांगितलं, हिने बरोबर ऐकलं. फक्त आमच्या घरातली माणसं सकाळी दोनदा उठतात, हे इरीनीला ठाऊक नव्हतं. एकदा देवासाठी उठतात आणि मग नऊला चहासाठी. एतिदालने पहिलं उठणं धरलं होतं.

आणि सजद्याचं, जमिनीला कपाळ टेकवण्याचं काय, तर खुर्चीवर बसून नमाज पढायची सोय आहेच. म्हाताऱ्या माणसांनी पढावा, दुखणाईतांनी पढावा, कुणी हरकत घेत नाही. आमच्या मशिदीत बायकांच्या भागात मागे सहा खुर्च्या आहेत. त्या सहाही नोमानने फुकट करून दिल्या. पण त्या खुर्च्यांवर बसणाऱ्या बायकांना एतिदाल दहा वर्षं 'खुर्चीवाल्या' म्हणत आली आहे. हाज्जा बहीगाला तर तिने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बहीगा, देवाला भेटायला आलीस की नोटरीला?" अशी बाई आता खुर्ची कुठल्या तोंडाने मागणार?

नऊला ती उठली. मी फूलची, म्हणजे मोठ्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ गरम केली होती, खालून ताअमियाचे वडे आणले होते. तिने एक घास घेतला, छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. डोळ्याच्या कडेला पाणी आलं होतं. तेव्हाच तिला खोलीत नेऊन दार लावून सांगायला हवं होतं. मी तसं ठरवलंही होतं. पण तेवढ्यात खाली गाडीचा भोंगा वाजला.

हैसम आला. इंजी आली. दोन सुटकेसा आल्या. मागोमाग हाज्जा बहीगा आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. आणि मी सांगून ठेवल्याप्रमाणे इरीनीही आली. एवढ्या माणसांनी नोमानच्या बारापैकी निम्म्या खुर्च्या भरल्या असत्या.

"काय झालं आई?" हैसमने विचारलं.

"काही नाही. वडे जरा जास्त खाल्ले," एतिदाल म्हणाली. वड्यांची थाळी जशीच्या तशी समोर होती.

"आई, तुला घास गिळता येत नाहीये. असं औषध काय कामाचं? बास झालं. चल, कपडे भर."

"तिथे खूप छान डॉक्टर आहेत," इंजी म्हणाली. "स्विमिंग पूलसुद्धा आहे."

"मला पोहायचं असतं तर मी समुद्राकाठच्या गावात सत्तर वर्षं कोरडी राहिले नसते," एतिदाल म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. तिने गोळीचं पाकीट मुठीत धरलं होतं. मला ते बघवलं नाही आणि माझी जीभ सुटली. माझ्या जिभेला लगाम नाही, हे एतिदाल चाळीस वर्षं सांगते आहे. तिचं एवढं एक म्हणणं मला मान्य आहे.

"औषधात काही खोट नाही," मी म्हटलं. "खोट हिच्यात आहे. पहाटे उठते, घोटभर पाण्यात गोळी गिळते, लगेच जमिनीवर डोकं टेकवते आणि मग नऊपर्यंत आडवी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गोळी नऊला घे, नमाज आणि झोप दोन्ही उरकल्यावर, आणि मग अर्धा तास ताठ बस. संपलं दुखणं."

इरीनीने कपाळावर हात मारला. "खाला एतिदाल, आठ आठवडे तुम्ही असंच केलंत?"

एतिदाल थाळीतले वडे मोजायला लागली. बहीगाने मात्र टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. "खुर्चीवर पढली असती तर?" ती गोड आवाजात म्हणाली. "की खुर्चीवर फक्त नोटरीला भेटतात?"

इरीनी म्हणाली, आता महिनाभर गोळी बंद ठेवायची, डॉक्टरांना गळा आणि अन्ननलिका दाखवायची, त्यांनी हो म्हटलं की नीट पद्धतीने पुन्हा सुरू. मला वाटलं, झालं, सुटलो. मी सगळ्यांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तेवढ्यात हैसम उठला.

"म्हणजे आई, तू मला दर शुक्रवारी फोनवर खोटं सांगत होतीस. सगळं नीट घेतेय म्हणून."

"खोटं कुठे? घेत होतेच की."

"तुला एक गोळी एकटीने घेता येत नाही. आता तर माझी खातरीच पटली. तांत, फार उपकार झाले, तू सांगितलंस ते बरं केलंस." त्याने सुटकेस उघडली. "इंजी, कपाटातून कपडे काढ."

मी थंडच पडले. जिला थांबवायला उशी घेऊन वर आले होते, तिला मीच स्वतःच्या तोंडाने गाडीत बसवलं होतं. इंजी कपाटाकडे गेली. एतिदालने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच पाहत होती, पायापासून डोक्यापर्यंत, सावकाश, शिंप्याने पाहावं तशी.

"हैसम," ती म्हणाली, "ती सुटकेस मिट आणि खाली चल. सगळे चला. मला काहीतरी दाखवायचंय."

ती आम्हाला माझ्या घरात घेऊन आली. माझ्याच. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "चौकटीला पाठ लावून उभी राहा. चपला काढ."

"कशाला?"

"उभी राहा."

मी राहिले. का राहिले ते मला माहीत आहे. त्या चौकटीवर काय आहे हे मला माहीत होतं आणि सहा वर्षं मी तिकडे बघितलं नव्हतं. आमचं लग्न झालं त्या आठवड्यात फळकूट बसवायला नोमानने मला तिथे उभं केलं होतं. कानामागची पेन्सिल काढून डोक्याबरोबर रेघ मारली होती. टेपचं दुसरं टोक एतिदालने धरलं होतं. सुताराने मारलेली रेघ, ती पुसली जात नाही, वर दोन वेळा रंग दिला तरी खालून दिसते.

एतिदालने माझ्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला. मग बोटं मोजली.

"चार बोटं," ती म्हणाली. "हैसम, बघ. इरीनी, तूही बघ. ही बाई चार बोटं कमी झाली आहे. म्हणते कापड लांबतं, म्हणते भिंती फुगतात. भिंत फुगली तर रेघ वर जाते का गं? हाज्जा बहीगा, तू पण बघ, तुला दुसऱ्याचं बघायला आवडतं. माझं हाड मोडलं म्हणून माझी तपासणी झाली. ही एकेक मणका दाबून बसलीये आणि जिने धूत फिरतेय. आणि हिला एकटीला इथे सोडून मी तुझ्या लिफ्टमध्ये बसू? पुढच्या वर्षी येशील तर टेबलाखाली शोधावी लागेल."

इरीनी माझ्या पाठीकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, "तांत, पाठ दुखते का? कधीपासून?"

आता ऐका. मला त्या क्षणी दोन उत्तरं देता येत होती. दुम्यातची हवा ओली असते, असं मी म्हटलं असतं तर माझी लाज राहिली असती. ज्या हाज्जा बहीगाच्या गुडघ्यांवर मी पंधरा वर्षं हसले, तिच्यासमोर माझी मान वर राहिली असती. आणि एतिदालच्या सुटकेसा भरल्या गेल्या असत्या. हैसम माझ्या तोंडाकडे बघत होता. "तांत, खरं आहे का हे?"

एतिदाल मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती मोडून जुळलेल्या हाताने ओट्यावरचे चहाचे पेले उगीचच सरळ रांगेत लावत होती. तेव्हा मला कळलं, ती मला उघडी पाडत नव्हती. ती मागत होती. तिच्या अंगात मागायची पद्धत नाही, म्हणून असं.

"खरं आहे," मी म्हटलं. "पाठ तीन वर्षं दुखतेय. वरच्या डब्यातली साखर मला काढता येत नाही. मी एकटी पडले तर माझं काही खरं नाही." आणि हे बोलताना मला रडू आलं, ते मी ठरवून आणलेलं नव्हतं.

बहीगा म्हणाली, "नजर," आणि टाचणी शोधायला घरी गेली.

हैसमने चौकटीवरची रेघ बोटाने चाचपून पाहिली. मग त्याने सुटकेसा गाडीत ठेवल्या, रिकाम्याच. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवायचा आणि दर आठवड्याला इरीनी त्याला फोन करणार, एवढ्या अटीवर तो गेला. इंजीने जाताना माझ्या गालाचा मुका घेतला, गाल न पुसता.

माझी तपासणी झाली. माझी हाडं एतिदालपेक्षा वाईट निघाली. तिने हे अख्ख्या गल्लीला सांगितलं, काहीतरी बक्षीस मिळाल्यासारखं. तिची अन्ननलिका महिन्याभरात बरी झाली आणि डॉक्टरांनी पुन्हा परवानगी दिली. आता आम्हा दोघींचा वार मंगळवार आहे. शुक्रवारच्या वड्यांना गोळीची आडकाठी नको, हे कारण तिचं. पहाटेचा नमाज ती जमिनीवरच पढते. खुर्ची तिने अजून घेतलेली नाही, घेणारही नाही. मग झोपते. नऊला चपला फटफटत खाली माझ्याकडे येते. कारखान्यातल्या दोन सोनेरी खुर्च्यांचं प्लास्टिक आम्ही फाडलं, त्या आता माझ्या गॅलरीत समोरासमोर आहेत. त्यांची पाठ इतकी सरळ की त्यांच्यावर कुणालाच आरामात बसता येत नाही. नोमानची सगळ्यात वाईट खुर्ची आमच्या सगळ्यात जास्त कामाला आली.

मोठा ग्लासभर पाणी, पूर्ण. दोघींनी एकमेकींच्या ग्लासाचा तळ बघायचा. मग अर्धा तास. चहा समोर झाकून ठेवलेला आणि हात लावायचा नाही. माझी हाडं अजून मधूनमधून ठणकतात, पहिल्या दोन मंगळवारी तर अंगात ताप भरल्यासारखं झालं. इरीनी म्हणते, सवय होईल, लक्ष ठेवते मी. एतिदाल म्हणते, नाटकं.

मागच्या मंगळवारी वीस मिनिटं झाली तेव्हा मी तिला विचारलं, "अब्ला, माझं कमी होणं तुला कधी कळलं?"

"तू हिरवी गलाबिया दुमडलीस तेव्हा."

"ती तर पहिली. तीन वर्षं झाली त्याला."

"मग तीन वर्षं."

"आणि तीन वर्षं तू बोलली नाहीस? डॉक्टरकडे पाठवलं असतंस तर एवढं झालं नसतं."

एतिदालने घड्याळाकडे पाहिलं. गल्लीत कुणीतरी रंधा मारत होतं.

"भीती वाटली," ती म्हणाली. "नोमान पण तपासणीला गेला आणि परत आला तो महिनाभरच राहिला. म्हटलं, नाही बघितलं तर नसेल." मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "अजून दहा मिनिटं आहेत. ताठ बस."

मी ताठ बसले.